ड्रायसूट घेताना केलेला गाढवपणा आणि वाडीचा दोरा

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे साडेआठ, बाहेर २ अंश, आणि मी स्टोनी कोव्हच्या पार्किंगमधे गाडीच्या डिकीच्या काठावर बसून मनगटांना टॅल्कम पावडर चोपडतेय. नवरा आत हीटर लावून थर्मासमधला चहा पितोय. त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे, "लोक पैसे देऊन मालदीवला जातात", ते म्हणून झालं की तो काच वर करतो.

स्टोनी कोव्ह म्हणजे लेस्टरशायरमधली जुनी ग्रॅनाइटची खाण. खाणकाम थांबलं, पाणी भरलं आणि इथल्या डायव्हर लोकांचं पंढरपूर झालं. आत पायऱ्या पायऱ्या आहेत, पहिला कट्टा ६-७ मीटरवर, मग २० च्या आसपास दुसरा, आणि सगळ्यात खोल म्हणजे ३५ च्या पुढेमागे. दुसऱ्या कट्ट्यावर स्टेनगार्थ नावाची जुनी टगबोट मुद्दाम बुडवून ठेवलीय. मासे म्हणाल तर पर्च, पाइक आणि दगडांच्या फटीत क्रेफिश (मोठा झिंगा समजा), झालं. हिवाळ्यात पाणी ४-५ अंशांवर येतं.

आता मी पडले सांगलीची. पहिल्यांदा पाण्याखाली डोकं घातलं ते मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागं, तिथल्या दादाने मानगूट धरून फिरवून आणलं होतं आणि मी फोटोत अंगठा वर करून हसत होते (पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "वर चला", त्यामुळे त्याने मला खरंच वर आणलं). मग कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला. पाणी २८ अंश, अंगात ३ मिलीमीटरची शॉर्टी, म्हणजे आखूड वेटसूट, कमरेला खाली जाण्यासाठी ४ किलो शिसं. त्या भांडवलावर मी इंग्लंडात आल्यावर "हो हो, मी डायव्हर आहे" असं सांगत एका क्लबात नाव घातलं.

पहिला डायव्ह भाड्याच्या ७ मिलीमीटरच्या सेमीड्रायमधे (पाणी कमी शिरू देणारा जाड वेटसूट) केला. १८ मिनिटं टिकले. बाहेर आल्यावर बोटं इतकी बधिर की बीसीडीची, म्हणजे सिलेंडर अडकवायच्या हवेच्या जॅकेटची, क्लिप माझी मलाच सुटेना, क्लबातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी ती सोडवली, ग्लोव्ह ओढून काढले आणि चहाचा मग दोन्ही हातात धरवला, लहान मुलाला धरवतात तसा. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणते. आजोबा एवढंच म्हणाले, ड्रायसूट घे, नाहीतर मेपर्यंत घरी बस.

तर मुद्दा असा की पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. वेटसूटमधे पाणी आत शिरतंच, अंगाच्या उबेने ते थोडं कोमट होतं, आणि खरं काम सूटच्या निओप्रीन रबरामधले बारीक बुडबुडे करतात. पण खाली गेलं की दाबाने तेच बुडबुडे चेपतात, म्हणजे जिथं जास्त गार तिथंच सूट पातळ. ड्रायसूटमधे पाणी आत येऊच द्यायचं नाही, अंग आणि पाणी यांच्यामधे हवा ठेवायची. बाकी सगळी भानगड ही हवा आत ठेवायची कशी आणि नको तेव्हा बाहेर काढायची कशी, एवढ्याचीच आहे.

सूट मुख्यतः दोन जातीचे. एक निओप्रीनचा, जाड, थोडा उबदार, अंगाला बसणारा, पण वजनदार आणि वाळायला दोन दिवस, आणि खोलात तोही चेपतोच. दुसरा ट्रायलॅमिनेट, म्हणजे दोन कापडांच्या मधे रबराचा थर. हा हलका, पटकन वाळतो, फाटला तर पॅच लागतो, पण ऊब म्हणाल तर शून्य, तो नुसता रेनकोट आहे, ऊब सगळी आतल्या कपड्यांची. तिसरा एक पूर्ण रबराचा असतो, घाणेरड्या पाण्यात काम करणारे लोक वापरतात कारण धुतला की स्वच्छ होतो. आपल्यासारख्यांना त्याची गरज नाही.

मी ट्रायलॅमिनेट घेतला. इथपर्यंत बरोबर. पण नवा सूट शेकडो पाउंडांपासून सुरू होतो आणि मापाने शिवून, चांगले व्हॉल्व्ह, खिसे वगैरे करत दोन हजारांच्या वर जातो, आणि माझ्यातली सांगलीकर बाई जागी झाली. ऑनलाइन एक जुना सूट दिसला, २५० पाउंड, "हार्डली यूज्ड", फोटोत झक्क. विकणाऱ्याची उंची माझ्यापेक्षा चार इंच जास्त. म्हटलं सैल असला तर उलट बरं, आत दोन स्वेटर जास्त जातील! लग्नाच्या ब्लाउजला आपण आत माया ठेवायला सांगतो ना, त्याच हिशोबाने.

हाच तो गाढवपणा. सैल सूट म्हणजे आत जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त शिसं, आणि ती हवा एका जागी गप्प बसत नाही, तुम्ही आडवे झालात की पाठीवर, डोकं खाली केलं की पायात, पिशवीतल्या पाण्यासारखी इकडून तिकडे. सूटला जोडलेले बूट मोठे असले तर त्यात हवा भरते आणि पाय बुटातून निसटतो. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं ते झिपचं.

ड्रायसूटची झिप साधी झिप नाही, सूटमधला सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक भाग तोच. जुन्या सूटांना पितळी दातांची झिप असते, पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, ती आपली आपल्याला लावता येत नाही, बडीने, म्हणजे डायव्हच्या जोडीदाराने, लावायची. तिला मेण लावावं लागतं आणि तिला कधीही तीव्र घडी पडू द्यायची नाही. माझ्या सूटच्या आधीच्या मालकाने तो बहुतेक वर्षानुवर्षं चौकोनी घडी घालून ठेवला होता, साड्या ठेवतात तसा. घडीच्या जागी झिपची पट्टी बारीक तडकलेली, फोटोत दिसत नव्हती. पहिल्याच डायव्हला पाठीच्या मधून एक गार बोट खाली सरकत गेल्यासारखं वाटलं, आणि मग कमरेपाशी तळं. झिप बदलायचा खर्च विचारला तर सूटच्या किमतीएवढाच निघाला. तरी बदलली, कारण तोपर्यंत हट्टाला पेटले होते.

नव्या सूटांना बऱ्याचदा प्लॅस्टिकची झिप येते, समोरून तिरकी, आपली आपण लावता येते. तिला मेण नाही, टोकाला सिलिकॉनचं ग्रीस. आज घ्यायचा असता तर मी डोळे मिटून तीच घेतली असती. पण समोरची असो की मागची, पाण्यात जायच्या आधी दुसऱ्या कुणाकडून तरी ती शेवटपर्यंत लागलीय का ते बघून घ्यायचं. दोन सेंटीमीटर उघडी राहिलेली झिप घेऊन पाण्यात उतरलेला माणूस प्रत्येक क्लबात एक तरी असतोच. आमच्याकडे तो मान माझ्याकडे नाही, नशीब.

आता वाडीच्या दोऱ्याची गोष्ट.

झिप नवी, तरी डाव्या बाहीत पाणी. प्रत्येक डायव्हला. कोपरापर्यंत ओलं, उजवा हात ठणठणीत कोरडा. आधी म्हटलं घाम असेल, कारण खूपदा तो घामच असतो, बाहेर जड सामान उचलून घामाघूम होऊन गार पाण्यात गेलं की आतली वाफ सूटच्या कापडावर जमते आणि लोक उगाच "लीक लीक" करतात. पण घाम एकाच हाताला कसा येईल? मग लीक टेस्ट केली. मनगटाच्या सीलमधे (बाहीच्या टोकाच्या रबरी कडेत) सोड्याच्या रिकाम्या बाटल्या, गळ्यात मुलाचा फुटबॉल, झिप बंद, इन्फ्लेटरला (सूटमधे हवा भरायच्या बटणाला) हवेची होज लावून सूट फुगवला (बैठकीच्या खोलीत एक बिनडोक्याचा माणूस पडलाय असं दिसतं, कुरियरवाला दारातून बघून दोन पावलं मागं सरकला) आणि भांडी घासायच्या लिक्विडचा फेस करून सगळीकडे फवारला. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तेच हे. एकसुद्धा बुडबुडा नाही. सूट एकदम ओके.

पुढच्या शनिवारी आजोबांनी माझा हात हातात घेतला, सीलची कड उलटी केली आणि विचारलं, हे काय?

आईने नरसोबाच्या वाडीहून आणलेला लाल दोरा. गाठ बरोबर मनगटाच्या आतल्या बाजूला. मी तो इतक्या वर्षांत दागिना म्हणूनही मोजत नव्हते, घड्याळ काढत होते, बांगडी काढत होते, दोरा हा माझ्या लेखी अंगाचाच भाग. आणि सील म्हणजे काय, तर कातडीला चिकटून बसलेली पातळ रबराची नळी. तिच्याखालून दोरा गेला की पाण्याला दिव्याची वातच मिळाली. एक केस आला तरी पाणी येतं, तिथं गाठीचा दोरा म्हणजे सरळ पाइपलाइन.

तोडवेना. व्हिडिओ कॉलवर आईला विचारलं, ती म्हणाली पायात बांध, मग म्हणाली पायात नको, देवाचं आहे, मग पाच मिनिटं विचार करून म्हणाली तुझ्या त्या सिलेंडरला बांध. सिलेंडर भाड्याचा. शेवटी दोरा सूटच्या बॅगेच्या बंदाला बांधलाय. बाही कोरडी.

सील तीन प्रकारची असतात. लॅटेक्सची पातळ, छान बसतात, पण उन्हाने, तेलाने, नखाने खराब होतात. निओप्रीनची जाड आणि उबदार, गळ्याचं आतल्या बाजूला दुमडून घ्यायचं असतं. सिलिकॉनची एका रिंगवर बसवलेली असतात, फाटलं तर डायव्ह साइटवरच बदलता येतं, गोंद वगैरे काही नाही. लॅटेक्सला पावडर लावायची ती बिनवासाची, सुगंधी पावडरीतलं तेल रबर खातं, हे मला अर्धा डबा संपल्यावर कळलं. मनगटातून हात घालायची पद्धत मात्र मला कुणी शिकवावी लागली नाही. अंगठा तळव्यात मुडपायचा, बोटं एकत्र चोचीसारखी करायची आणि हात सरकवायचा. कासार बांगड्या भरताना हात दाबून दाबून पुढं नेतो ना, डिट्टो तेच. इथल्या लोकांना ते शिकवायला क्लासात दहा मिनिटं लागतात.

गळ्याचं सील हा वेगळा विषय. नवं लॅटेक्सचं सील शंकूसारखं येतं, त्यावर वळ्या असतात, आणि आपल्या मानेच्या मापाने एकेक वळी कापायची असते. घट्ट आहे हे मला कळत होतं पण कापायला हात होईना, कारण जास्त कापलं तर परत जोडता येत नाही. म्हणून एका रात्री सूट घालून स्वयंपाकघरात बसले, वीस मिनिटं, बघू सवय होते का. पंधराव्या मिनिटाला भांडी घासायच्या सिंकपाशी गरगरायला लागलं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब आला की चक्कर येते, माणूस बेशुद्धसुद्धा पडू शकतो, ही काही अंगावर काढायची गोष्ट नाही. आजोबांनी सांगितलं, आधी ताणून बघ. मग ते सील रात्रभर कणकेच्या स्टीलच्या डब्यावर चढवून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या धारदार कात्रीने, एका दमात, न थांबता, एक वळी कापली. थांबलात की कडेला खाच पडते आणि पुढं तिथूनच फाटतं. एकाच वळीने काम झालं. सीलखाली दोन बोटं कशीबशी जावीत, मान वळवताना श्वास अडकू नये, आणि अंबाड्यातून सुटलेला एकही केस खाली राहू नये. लांब केसवाल्या बायकांनो, यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आतल्या कपड्यांचं थोडक्यात सांगते. कॉटन घालायचं नाही, बनियनसुद्धा नाही, घाम शोषून ते ओलंच राहतं आणि तुम्ही सूटमधे बसून कुडकुडता. अंगाला लागून लोकरीचं किंवा घाम बाहेर टाकणारं थर्मल, त्यावर फ्लीसचा किंवा थिन्सुलेटचा (कृत्रिम उबदार भरण) अंडरसूट. मी पहिल्या हिवाळ्यात आत्याने विणलेला स्वेटर घालून गेले होते, ऊब झकास, पण बाहीची लोकर हवा सोडायच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी जाऊन बसली आणि हवा निघेना. पैसे कमी असतील तर सूट साधा घ्या आणि अंडरसूट चांगला घ्या, हे मी चार जणांना सांगितलंय आणि चौघांनीही उलटं केलंय.

वापरायचं कसं ते कोर्स करूनच शिका, यूट्यूबवर नको. छातीवर इन्फ्लेटरचं बटण, डाव्या दंडावर हवा सोडायचा डम्प व्हॉल्व्ह. खाली जाताना आतली हवा चेपते आणि सूट अंगाला आवळतो, याला स्क्वीझ म्हणतात. पहिल्यांदा मी बटण दाबायचंच विसरले, ६ मीटरवर खांद्याला, काखेत, मांडीला कुणीतरी चिमटे काढतंय असं वाटलं, घरी आल्यावर आरशात बघितलं तर अंगभर छडीचे वळ. थोडी हवा टाकली की लगेच सैल होतं. वर येताना उलटं, १० मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत तीच हवा दुप्पट जागा मागते, म्हणून डम्प पूर्ण उघडा आणि डावं कोपर वर. गार पाण्यात कोपर वर करून हळूहळू वर येणारे आम्ही सगळे खिडकीतून कुणाला तरी टाटा करत असल्यासारखे दिसतो.

आणि पाय वर जाणं. हे झालं क्रेफिश बघताना. दगडाखाली वाकले, डोकं खाली, पाय किंचित वर, आणि त्या चार इंच मोठ्या सूटमधली सगळी हवा सुळकन बुटात. पुढच्या क्षणी मी वटवाघळासारखी उलटी, पण वटवाघूळ निदान कशाला तरी धरून असतं, मी वर चालले होते. डम्प व्हॉल्व्ह दंडावर आणि हवा पायात, म्हणजे व्हॉल्व्ह कितीही उघडा, निघणार काय? डावा फिन निसटला. यावर उपाय एकच, गुडघे पोटाशी घ्यायचे, कोलांटउडी मारायची आणि पाय खाली डोकं वर झालं की लगेच हवा सोडायची. शाळेत पीटीच्या तासाला कोलांटउडीत मी कायम मार्क घालवलेत. आजोबांनी पोटरी धरून खाली ओढलं म्हणून. ६ मीटरवर होते म्हणून ही गोष्ट हसत सांगतेय, २५ वरून असं सुटलं तर विषय वेगळा असता. त्यानंतर मी पुढचे तीन शनिवार त्याच कट्ट्यावर फक्त कोलांटउड्या मारल्या, पर्च मासे बघायला जमायचे.

इन्फ्लेटर अडकून हवा येतच राहिली तर काय, हेही तिथंच घटवून घ्या. होज ओढून काढायची आणि डम्प करायचं, बस. पण जाड ग्लोव्ह घालून डोळे मिटून ती होज काढता आली पाहिजे. आणि सूटमधे पाणी भरलं म्हणून दगडासारखे बुडत नाही, पाण्यातलं पाणी जड नसतं, मात्र ती हवा आणि ऊब गेली, आणि बाहेर शिडी चढताना ते सगळं पाणी पायात घेऊन चढायचं असतं.

शिसं ४ किलोवरून ११ वर गेलं माझं. समुद्रात अजून जास्त.

आता तो प्रश्न जो प्रत्येक बाई मला हळूच विचारते, सूट घातल्यावर लघवीचं काय? पुरुषांना एक नळी आणि व्हॉल्व्ह असतो, पी-व्हॉल्व्ह, बायकांसाठीही तसलं साधन मिळतं, पण मी अजून धीर केलेला नाही. माझा उपाय मोठ्यांचे डायपर. लाज कसली, खूप जण वापरतात. पाणी न पिता जाणं हा उपाय नाही, शरीरात पाणी कमी असलं की डीकम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो.

आणि आइसलंडला निघालेल्यांसाठी, कारण व्हॉट्सअॅपवर महिन्याला एक तरी मेसेज येतो. सिल्फ्रा ही तिथली पाण्याने भरलेली जमिनीतली भेग, तिथं पाणी बारा महिने २ ते ४ अंश असतं. तिथं स्नॉर्कलिंग करायचं तर ड्रायसूट तेच घालून देतात, आधीचं सर्टिफिकेट लागत नाही, पण पोहता यायला हवं आणि थंडीची तयारी हवी. डायव्ह करायचा असेल तर मात्र ड्रायसूटचं सर्टिफिकेट किंवा ड्रायसूटमधल्या डायव्हची नोंद दाखवावी लागते, नुसतं मालवणचं किंवा अंदमानचं कार्ड दाखवून होत नाही. निघायच्या दोन महिने आधी विचारा, आदल्या आठवड्यात नको. आणि दाढीवाल्यांनो, गळ्यापर्यंतची दाढी कमी करून जा.

इतकी यातायात कशाला, तर गेल्या उन्हाळ्यात क्लबाबरोबर स्कापा फ्लोला गेले होते. स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी बेटं, तिथं पहिल्या महायुद्धानंतर अडकवून ठेवलेल्या जर्मन आरमाराने २१ जून १९१९ ला आपलीच जहाजं बुडवली, बरीचशी नंतर वर काढून भंगारात गेली, सात मोठी अजून तळाशी आहेत. मी कोल्न नावाच्या क्रूझरवर गेले. जहाज कुशीवर पडलंय, म्हणजे डेक भिंतीसारखा उभा, आणि त्या भिंतीवर पांढरी आणि केशरी समुद्रफुलं इतकी दाट की पत्रा दिसत नाही. टॉर्च फिरवत फिरवत ३० मीटरवर ३० मिनिटं झाली तेव्हा लक्षात आलं की मी थंडीचा विचारच केलेला नाहीये. सहा दिवस, दिवसाला दोन डायव्ह, आणि रात्री बोटीवर बारा सूट उलटे टांगलेले, त्यांचा एकत्र वास... असो.

तिथून आल्यावर सूट गोड्या पाण्याने धुतला, व्हॉल्व्हची बटणं दाबून दाबून मीठ काढलं, आतून बाहेरून वाळवला, उन्हात न ठेवता, आणि झिप उघडी ठेवून सैल गुंडाळी केली. काल काढून बघितलं तर गळ्याचं सील बोटाला चिकटतंय, गुळाच्या पाकासारखं. म्हणजे लॅटेक्स संपलं. आता सिलिकॉनची रिंग बसवून घ्यायची की परत लॅटेक्स लावून तो कणकेचा डबा काढायचा, हे ठरत नाहीये. नवरा म्हणतो डबा नको, गेल्या वेळी आठवडाभर पोळ्यांना रबराचा वास होता.